दोन-तीन रात्रींच्या मुक्कामाचा भाव कसा ठरवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खुलताबाद तालुक्यात, वेरूळहून म्हैसमाळकडे जाणाऱ्या बाजूला, सीताफळाच्या बागेत एका दांपत्याने दोन खोल्या, ओसरी आणि स्वयंपाकघर असलेले शेतघर पर्यटकांसाठी तयार केले आहे. भाव सरसकट एका रात्रीला ३,५०० रुपये ठेवला आहे. दिवाळीनंतर फोन बरे येतात, पण बहुतेक पाहुणे शनिवारी दुपारी येऊन रविवारी सकाळी निघतात आणि बाकी आठवडाभर घराला कुलूप असते. म्हणून दोन रात्रींना ५,००० आणि तीन रात्रींना ७,००० असा सवलतीचा भाव लावावा का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की आपण काढलेले आकडे फारसे चुकलेले नाहीत, पण ते चुकीच्या ठिकाणी लागणार आहेत. सवलत रात्रींच्या संख्येला द्यायची नसते, ती रिकाम्या वारांना द्यायची असते. बुधवार-गुरुवारच्या दोन रात्री आणि शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री मोजायला सारख्या असल्या, तरी विकायला त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मी गेली चौदा वर्षे याच भागात दोन कॉटेज चालवते आणि हा फरक समजायला मला पहिली तीन वर्षे लागली. ती आपली वाया जाऊ नयेत म्हणून हिशेब जरा विस्ताराने मांडते.

सुरुवात खर्चापासून करू, कारण अल्प मुक्कामाच्या भावातली बहुतेक चूक तिथेच दडलेली असते. आपल्याकडे खर्च महिन्याचा मांडायची सवय आहे, म्हणजे वीजबिल इतके, गड्याचा पगार इतका, धुलाई इतकी. त्याऐवजी वहीच्या एका पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे पाहुणा आला म्हणून एकदाच होणारा खर्च लिहावा, मग तो एक रात्र राहो वा पाच. उजवीकडे प्रत्येक रात्रीला होणारा खर्च लिहावा. आपण कळवलेल्या आकड्यांत माझ्याकडचे दोन आकडे घालून मी हे पान तयार केले आहे. झाडलोट आणि स्वच्छतेला दोन बायकांची अर्ध्या दिवसाची मजुरी ५०० रुपये, चादरी, अभ्रे आणि टॉवेल धुण्याचे ४००, साबण, फिनेल, गॅस आणि पिण्याच्या पाण्याचे जार यांचे १५०, आणि किल्ली देणे, घर दाखवणे, जाताना सगळे तपासून घेणे यात गड्याचा जो वेळ जातो त्याचे २५०. ही झाली प्रत्येक मुक्कामामागे एकदाची १,३०० रुपयांची रक्कम. रात्रीच्या बाजूला विजेचे २५०, वापराच्या पाण्याचे १०० आणि वस्तीला थांबणाऱ्या गड्याचे २५०, असे ६०० होतात.

आता आपला सध्याचा भाव या पानावर ठेवून पाहा. एका रात्रीचे ३,५०० आले, त्यातून १,३०० आणि ६०० गेले, हाती १,६०० राहिले. त्याच भावाने कोणी दोन रात्री राहिले असते तर ७,००० मधून २,५०० जाऊन ४,५०० उरले असते, म्हणजे रात्रीला २,२५०. म्हणून एका रात्रीचा पाहुणा आपल्याला सर्वांत महागात पडतो, आणि सरसकट भावामुळे आपण नेमके त्यालाच आमंत्रण देत आहोत. याच्या उलट टोकाला आपला नवा विचार आहे. दोन रात्रींचे ५,००० घेतले तर हाती २,५०० राहतात, म्हणजे रात्रीला १,२५०. तीन रात्रींच्या ७,००० मधून ३,१०० वजा करून ३,९०० उरतात, म्हणजे रात्रीला १,३००. एका रात्रीच्या पाहुण्यापेक्षाही हे कमी आहे. शुक्रवार-शनिवारी हा भाव लावला, तर जी शनिवारची रात्र एरवीही गेलीच असती, तिच्यासोबत शुक्रवारची रात्र आपण अवघ्या १,५०० रुपयांत देऊन बसाल.

पहिल्या वर्षी माझ्याही पाटीवर सरसकट भावच होता, आणि श्रावणात मला त्याचे मोल कळले. घृष्णेश्वराच्या दर्शनाला येणारी चार कुटुंबे लागोपाठ चार रात्री, प्रत्येकी एकेक रात्र राहून गेली. पावसाची झड थांबत नव्हती. ओसरीत दोऱ्या बांधून चादरी वाळत घातल्या, पंखे लावले, शेवटच्या दिवशी अभ्र्यांवरून इस्त्री फिरवून ते कसेबसे कोरडे केले. रात्री नऊ वाजता चौथ्या कुटुंबातल्या आजींनी उशी हातात घेतली, अभ्रा गालाला लावून पाहिला आणि काही न बोलता ती सुनेकडे दिली. सुनेनेही हात लावून पाहिला. त्या दोघींनी तक्रार केली नाही, आपल्या पिशवीतली शाल काढून उशीवर अंथरली. चार रात्री घर भरलेले होते आणि धुलाई-मजुरी देऊन माझ्या हाती जे उरले, ते एकाच कुटुंबाच्या तीन रात्रींतही उरले असते. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक पलंगामागे कापडाचे तीन जोड ठेवले, एक पलंगावर, एक धुण्यात आणि एक कपाटात. आणि येण्याचा खर्च भावात वेगळा धरायला लागले.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की प्रत्येक मुक्कामाला येण्याचे १,३०० रुपये एकदाच धरायचे आणि त्यावर वाराप्रमाणे रात्रीचा भाव चढवायचा. पाहुण्याला ही फोड सांगायची नसते, त्याला एकच बेरीज सांगायची, कारण साफसफाईचे वेगळे पैसे मागितले की आपल्याकडे ते लोकांना खटकते. आपल्या जागेसाठी हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, चार माणसांना धरून मी रविवार ते गुरुवारच्या प्रत्येक रात्रीला २,०००, शुक्रवारच्या रात्रीला २,८०० आणि शनिवारच्या रात्रीला ४,००० सुचवते. मग मधल्या वारातली एक रात्र ३,३००, दोन रात्री ५,३०० आणि तीन रात्री ७,३०० होतात. आपण मनात धरलेले ५,००० आणि ७,००० इथे जवळजवळ तसेच उतरले आहेत, आणि या वारांना ते योग्यही आहेत, कारण इथे रिकाम्या घराशी तुलना आहे. शुक्रवार-शनिवार मिळून ८,१०० होतात, शनिवार-रविवार ७,३०० आणि नुसता शनिवार ५,३००. शनिवारच्या एका रात्रीच्या पैशांत मधल्या वाराच्या दोन रात्री मिळतात, हे वाक्य फोनवर जसेच्या तसे सांगावे. ज्यांच्या सुट्टीचा दिवस त्यांच्या हातात असतो, त्यांना ते लगेच पटते.

३,५०० वरून शनिवार एकदम ५,३०० वर नेणे जड वाटेल हे मला मान्य आहे. ते दोन टप्प्यांत करावे, पहिले दोन महिने ४,५०० आणि मग ५,३००. दहा फोनांपैकी आठ जण भाव ऐकून पुन्हा फोन करीत नसतील, तर आपल्या घराची आजची ताकद तितकी नाही असे समजून थोडे खाली यावे. मात्र एखाद्याने महाग म्हटले म्हणून लगेच डगमगू नये.

हे आकडे महिन्याला पुरतात का, तेही पाहून घ्यावे. बँकेचा हप्ता, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती आणि रंगरंगोटीसाठी बाजूला काढायची रक्कम मिळून आपला बांधलेला खर्च महिना २०,००० धरू. आज चार शनिवारांतून आपल्याला ६,४०० मिळतात, म्हणजे दरमहा खिशातून भर घालावी लागते. नव्या भावाने चारपैकी तीन आठवड्यांत शुक्रवार-शनिवार गेला तर ५,६०० प्रमाणे १६,८०० होतात, आणि महिन्यात मधल्या वारांचे दोन-दोन रात्रींचे दोनच मुक्काम मिळाले तर २,८०० प्रमाणे आणखी ५,६००. एकूण २२,४००. याचा अर्थ घर महिनाभर भरण्याची गरज नाही. दहा रात्री नीट विकल्या गेल्या तरी पुरते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण इंटरनेटवर वाचून अनेक जण ती आपल्याकडे लावू पाहतात. इंग्लंडात सुट्टीच्या घरांचा मूळ भाव पूर्वापार आठवड्याचा असतो, शनिवार ते शनिवार, आणि शुक्रवार ते सोमवार अशा तीन किंवा सोमवार ते शुक्रवार अशा चार रात्रींचा भाव त्या आठवड्याचा ठरावीक हिस्सा म्हणून काढतात. तो हिस्सा रात्रींच्या प्रमाणापेक्षा जास्त असतो, कारण तीन रात्री दिल्या की उरलेला आठवडा पूर्ण आठवडा म्हणून विकता येत नाही. आपल्याकडे आठवडाभर राहणारे कुटुंब वर्षातून एखादेच येते. म्हणून आठवड्यावरून उलट हिशेब करून उपयोग नाही. आपला मूळ भाव दोन रात्रींचा असला पाहिजे. त्या पद्धतीतला विचार मात्र घेण्यासारखा आहे, की छोटा मुक्काम देताना आपण त्याच्या आजूबाजूच्या कोणत्या रात्री अडकवतो आहोत हे पाहावे.

शनिवारच्या बाबतीत तो विचार फार महत्त्वाचा ठरतो. समजा तीन आठवडे आधी कोणी फोन करून फक्त शनिवारची रात्र मागितली. दिली तर खर्च जाऊन ३,४०० मिळतात, पण शुक्रवार बहुधा रिकामा जातो. थांबलो आणि शुक्रवार-शनिवार दोन्ही मागणारे कुटुंब आले तर ५,६०० मिळतात. थांबून कोणीच आले नाही तर काहीच नाही, असे धरले तर दहा शनिवारांपैकी सहाहून अधिक वेळा दोन रात्रींचे गिऱ्हाईक मिळत असेल तरच थांबणे परवडते. पण प्रत्यक्षात थांबल्यावरही शेवटच्या आठवड्यात एका रात्रीचे कोणीतरी येतेच. तशी निम्मी शक्यता धरली तर हाच आकडा दहात साडेचारच्या आत येतो. म्हणून मी हंगामात शनिवार दोन रात्रींशिवाय देत नाही आणि त्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी तो एका रात्रीसाठी मोकळा करते. ज्यांना आधी नकार दिला त्यांचे नंबर वहीत असतात, बुधवारी त्यांनाच पहिला फोन जातो. फेब्रुवारी संपला की ही अट काढून टाकते, कारण तेव्हा थांबण्यात अर्थ उरत नाही.

दोन रात्रींची मागणी आपल्याकडे पूर्वीपेक्षा वाढली आहे आणि त्याची कारणे डोळ्यांसमोर आहेत. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी निघता येणारी कुटुंबे वाढली. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला, त्यामुळे नागपूरचे आणि मुंबई-ठाण्याचे पाहुणे आता स्वतःच्या गाडीने दौलताबादच्या बाजूला उतरतात. हे लोक इतके अंतर एका रात्रीसाठी कापत नाहीत. मात्र ते शुक्रवारी रात्री उशिरा पोहोचतात, म्हणून शुक्रवारच्या रात्रीला मी शनिवारइतका भाव सुचवलेला नाही. साडेदहाला येऊन झोपणाऱ्या माणसाला पूर्ण भाव लावला की तो शनिवारी सकाळीच येण्याचे ठरवतो. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या पाहुण्यांची गोष्ट निराळी असते. वेरूळ संभाजीनगरहून तीस किलोमीटरच्या आसपास असल्याने त्यांना रात्र घालवण्यासाठी वेगळे निमित्त लागते. ते निमित्त शेतातला निवांतपणा, चुलीवरची भाकरी आणि येसराची आमटी यातच असते, लेण्यांत नसते.

मधल्या वारांच्या भावाबरोबर त्या वारांचे वेळापत्रकही विकावे लागते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. एकदा मुंबईहून एक कुटुंब सोमवारी रात्री एका रात्रीसाठी आले, मंगळवारी सकाळी आवरून वेरूळच्या फाटकाशी गेले आणि परत आले. त्यांच्या मुलीने कैलास लेण्याचे चित्र काढायला वही आणली होती. चूक सर्वस्वी माझी होती, फोनवर मी सांगायला हवे होते. तेव्हापासून मुक्कामाचा वार ऐकला की मी आधी कोणत्या दिवशी काय पाहणार ते विचारते. सोमवारी संध्याकाळी येणाऱ्याला दोन रात्री सुचवते, मंगळवारी अजिंठा आणि बुधवारी सकाळी वेरूळ. अजिंठ्याला इथून जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो, शिवाय खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून तिथल्या बसने पुढे जावे लागते, तेव्हा तो दिवस दुसऱ्या कशातही बसत नाही. सर्वांत सोयीचा मुक्काम बुधवार ते शनिवार सकाळ हा आहे. गुरुवारी वेरूळ आणि घृष्णेश्वर, शुक्रवारी अजिंठा, शनिवारी सकाळी निघणे. या तीन रात्रींचे आपल्या भावाने १,३०० अधिक बुधवार, गुरुवारचे ४,००० अधिक शुक्रवारचे २,८००, असे ८,१०० होतात. पण तो शुक्रवार दिला की शनिवारचा दोन रात्रींचा मुक्काम मोडतो. म्हणून या पाहुण्याला मी मंगळवारी संध्याकाळी बोलावते, बुधवारी वेरूळ आणि गुरुवारी अजिंठा करून शुक्रवारी सकाळी मोकळे करते आणि ७,३०० घेते. त्याचे ८०० वाचतात आणि माझा शनिवार अखंड राहतो.

पंचांग आणि कॅलेंडर समोर ठेवून वर्षाचे भाव एकदाच ठरवावेत. श्रावणात रविवारची रात्र शनिवारसारखी धरावी, कारण सोमवारच्या दर्शनासाठी लोक आदल्या रात्री येतात. महाशिवरात्रीलाही तसेच. श्रावणी शनिवारी आणि हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला संभाजीनगरहून रात्रभर पायी येणाऱ्यांची रीघ असते. हे भाविक मुक्कामाला थांबत नाहीत, पण रस्ता भरून जातो, म्हणून त्या शुक्रवारच्या पाहुण्याला दिवस मावळण्याआधी पोहोचायला सांगावे. १७ सप्टेंबरची मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी शुक्रवारी किंवा सोमवारी आली की जवळपासच्या जिल्ह्यांतून फोन सुरू होतात. अशा जोडून आलेल्या सुट्ट्यांना, तसेच भाऊबीजेनंतरच्या आठवड्याला आणि नाताळ ते नववर्ष या दिवसांना प्रत्येक रात्र शनिवारच्या भावाने आणि किमान तीन रात्री, असे ठेवावे. पावसाळ्यात म्हैसमाळच्या धुक्यासाठी आणि वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याजवळचा धबधबा पाहायला तरुण मंडळी येतात, तेव्हा शनिवार-रविवारचा भाव टिकतो, मधले वार मात्र पडून असतात.

एप्रिल-मे हा आपला खरा कसोटीचा काळ आहे. शाळांना सुट्टी असते म्हणून भाव चढवावा असे वाटते, पण दुपारी दगड तापलेला असताना लेणी पाहायला कोणी फारसे येत नाही, आणि इकडे विहीर आटल्यावर पाणी टँकरचे, कूलर आणि एसी दिवसभर चालू. रात्रीचा ६०० चा खर्च सहज १,००० वर जातो. त्यामुळे उन्हाळ्यात मी भाव वाढवत नाही आणि कमीही करत नाही. मेच्या उत्तरार्धात पंधरा दिवस घर बंद ठेवून डागडुजी करते. अपवाद लग्नसराईचा. जवळच्या मंगल कार्यालयातल्या लग्नाचे वऱ्हाड उतरवायला कोणत्याही वारी घर मागितले जाते. ही मागणी एका रात्रीची आणि माणसांनी भरलेली असते, तिला वार न पाहता शनिवारचा भाव लावावा.

माणसांच्या संख्येबाबत सुरुवातीलाच स्पष्ट बोलावे. सहा जण सांगून नऊ जण येणे ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे आणि दारात उभ्या असलेल्या माणसांशी पैशांवरून बोलणे दोघांनाही जड जाते. भाव चार जणांचा, पुढच्या प्रत्येकाला गादीसह रात्रीला ४००, पाच वर्षांखालील मुलांचे काही नाही आणि आठच्या वर घर देणार नाही, हे फोनवर बोलून पुन्हा मेसेजमध्ये लिहून पाठवावे. दोनशे लिटरच्या सोलर हीटरवर चार-पाच माणसांच्या आंघोळी नीट होतात, नवव्याला गार पाणीच मिळते.

घासाघीस होणारच. ‘ताई, शेवटचं किती? काही कमी-जास्त करा’ हे वाक्य मला रोज ऐकावे लागते आणि त्यात विचारणाऱ्याचे काही चुकत नाही. मी पैसे कमी करत नाही, वस्तू वाढवून देते. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत शेतात ज्वारीचा हुरडा असतो. मधल्या वारी दोन रात्री राहणाऱ्यांना तो शेंगदाण्याच्या चटणीसह आणि दह्यासह आमच्याकडून असतो. आपल्या घरच्या ज्वारीचा तो खर्च किरकोळ असतो, पण शहरातल्या माणसाला त्याची किंमत फार वाटते. शिवाय पुढच्या वेळी तो मागचा कमी केलेला भाव आठवून फोन करत नाही.

मुक्कामांच्या मध्ये सापडलेली एकेकटी रात्र हा अल्प मुक्कामांत सर्वांत हळूच होणारा तोटा आहे. मंगळवारी एक कुटुंब निघते आणि बुधवारी दुसरे येणार असते, मधली मंगळवारची रात्र सुटी पडते. तिला नवा पाहुणा मिळेलच असे नाही, आणि मिळाला तरी १,३०० आणि ६०० मिळून १,९०० तर खर्चातच जातात. त्याऐवजी घरात आधीच असलेल्या पाहुण्याला सोमवारी संध्याकाळी चहा देताना विचारावे की उद्याची रात्र १,५०० मध्ये राहता का. चादरी बदलायच्या नाहीत, झाडलोट वाढत नाही, ६०० वजा जाऊन ९०० हाती. तसेच रविवारचे. बहुतेकांना रविवारी अकराला निघण्याऐवजी जेवून, ऊन उतरल्यावर निघायचे असते. त्या रात्री कोणी येणार नसेल तर संध्याकाळी सहापर्यंत थांबण्याचे ८०० रुपये घ्यावेत. माझ्याकडे हंगामात निम्म्याहून अधिक रविवारी हे ८०० मिळतात.

बुकिंगच्या ॲपवर घर टाकले असेल तर कमिशनचा हिशेब उलटा करावा. समजा ते १५ टक्के आहे आणि आपल्याला ८,१०० हातात हवे आहेत. ८,१०० मध्ये १५ टक्के मिळवले तर ९,३१५ होतात आणि त्यातून कमिशन कापून ७,९१८ च येतात. ८,१०० ला ०.८५ ने भागून ९,५३० लावावे लागतात. थेट फोनवर कमी भाव सांगायचा असेल तर त्या ॲपच्या करारात तशी मुभा आहे का, ते आधी वाचावे. जीएसटीची नोंदणी सेवा व्यवसायाला आपल्या राज्यात वार्षिक २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, त्यामुळे एका शेतघराला सहसा ती वेळ येत नाही. पुढे घरे वाढली तर एवढे लक्षात ठेवावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के कर आहे, म्हणून सुट्टीतला भाव ७,५०० च्या जरासा वर नेणे महागात पडते. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते, हेही गड्याला शिकवून ठेवावे.

आगाऊ रक्कम म्हणून मी येण्याचा खर्च अधिक पहिल्या रात्रीचा भाव घेते, म्हणजे शुक्रवार-शनिवारसाठी ४,१००. सात दिवस आधी रद्द केले तर सगळे परत, त्यानंतर तारीख बदलून देते, पण शनिवारची तारीख मधल्या वारातच बदलून मिळते. कुणाच्या घरी दुःखद घटना घडली तर नियम न पाहता पैसे परत करते.

शेवटी एक वही आजपासून सुरू करावी आणि ती आलेल्या पाहुण्यांची नव्हे, आलेल्या फोनांची असावी. फोन कोणत्या दिवशी आला, कोणत्या वारापासून किती रात्री मागितल्या, किती माणसे, काय भाव सांगितला आणि नाही म्हटले तर कोणत्या कारणाने. ‘विचारून सांगतो’ हेही कारण म्हणून लिहावे. फेब्रुवारीअखेर ती वही मला पाठवा. शनिवारच्या दहा फोनांत दोन रात्री मागणारे किती निघाले हे त्यावरून मोजता येईल आणि बुधवारी मोकळे करायचे की सोमवारी, शुक्रवार २,८०० वर ठेवायचा की खाली आणायचा, हे आपल्या घरापुरते नेमके ठरवता येईल.